कुलथे सरांचा डावा डोळा

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. काहींना डोळा हवा असतो, काहींना सल्ला. डोळा हवा असणाऱ्यांचं सोपं असतं, आपल्याला काय हवंय ते त्यांना ठाऊक असतं. सल्ला हवा असणारे खुर्चीच्या टोकावर बसतात, मुलीला पुढे करतात आणि म्हणतात, "मॅडम, हिला चित्रकलेचीही आवड आहे आणि सायन्सलाही चांगले मार्क आहेत. दोन्ही जमेल असं काही असतं का?"

असतं, म्हणून मी टेबलाचा खण उघडून दाखवायचे. खणात आठ-दहा डोळे असायचे, काही पूर्ण झालेले, काही अर्धवट, आणि ते सगळे त्या कुटुंबाकडे बघत असायचे. आई पाणी मागायची. वडील भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचे. मुलगी मात्र बहुतेक वेळा पुढे वाकून बघायची, त्यामुळे मला आशा वाटायची. मग दोन महिन्यांनी कळायचं की तिने आर्किटेक्चरला प्रवेश घेतला.

मी कृत्रिम डोळे करते. नाशिकमध्ये शालिमार चौकाच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, एका खोलीत. खोली घेतली ती तिला उत्तरेची खिडकी होती म्हणून. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, आणि रंग जुळवायचा तर तसाच उजेड लागतो. या आनंदात मी जिना बघितलाच नाही. एका डोळ्याच्या माणसाला पायरी किती खोल आहे ते नीट कळत नाही, आणि माझ्या जिन्याच्या बावीस पायऱ्या आहेत, एकीसारखी दुसरी नाही. पहिले दोन पेशंट जिन्यावर बसून राहिल्यावर मी प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारून घेतला. तो मी स्वतः मारला. माझी सार्वजनिक ठिकाणी असलेली एकमेव चित्रकृती म्हणजे ते पट्टे.

डोळा म्हणजे गोटी असं लोकांना वाटतं. तसं नसतं. डोळा काढला तरी आतली जागा रिकामी ठेवत नाहीत, डॉक्टर तिथे आधी भराव घालतात. आमचा डोळा त्यावर बसतो. तो उथळ वाटीसारखा असतो, पापण्यांच्या आत सरकवायचा. आधी त्या जागेचं माप घ्यायचं, दाताचे डॉक्टर घेतात तसंच, थंड लगद्याने. मग मेणाचा नमुना करायचा, तो घालून बघायचा, पापणी नीट उघडते का, मिटते का, ते तपासायचं. मग त्या मेणाच्या जागी पांढरं ॲक्रिलिक, ज्याची कवळी होते त्याच जातीचं. पांढऱ्यावर शिरा लागतात. त्या रंगवत नाहीत. लाल रेशमाचा धागा सुटा करून त्याचे तंतू चिकटवायचे. हा धागा माझ्याकडे येवल्याहून येतो, पैठणी विणणाऱ्या एका बाईंकडून. पैठणीचा उरलेला लाल धागा इतक्या जणांच्या डोळ्यांत आहे हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग मोर कोण काढतं?"

मोर नाही, पण बुबुळ मी काढते. एका नाण्याहून लहान चकतीवर, कोरड्या रंगांनी, समोरच्या माणसाच्या चांगल्या डोळ्यात बघत. त्यावर पारदर्शक ॲक्रिलिकचा थर चढला की रंग गडद होतात, म्हणून मध्ये मध्ये पाण्याचा थेंब टाकून बघायचं की शेवटी काय दिसणार आहे. मग साचा गरम पाण्यात शिजवायचा. तापमान चढवण्यात घाई केली तर ॲक्रिलिकमध्ये बुडबुडे येतात आणि चार तासांचं बुबुळ सोडावॉटरसारखं दिसतं. इथे केमिस्ट्री संपते आणि घासणं-चमकवणं सुरू होतं. ते कोणत्या विषयात येतं मला माहीत नाही.

आमच्या कामाची एक पंचाईत आहे. कुणी म्हणालं, "काय सुंदर डोळा आहे," की समजायचं, काम बिघडलं. चांगल्या डोळ्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. छत्तीस वर्षं हे काम केल्यावर माझी सर्वांत उत्तम कामं कोणती, हे मलाच सांगता येत नाही, कारण ती रस्त्याने चालत जातात आणि मीही त्यांना ओळखत नाही.

निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदाराचं उदाहरण देते. बागेची ताणलेली तार तुटून डोळ्यात गेली होती. मी नीट डोळा केला. पांढरा भाग स्वच्छ, शिरा बेताच्या. आठ दिवसांनी परत आला. "मॅडम, हा लय सभ्य झाला," तो म्हणाला. "माझा दुसरा बघा." दुसरा डोळा फवारणीने आणि जागरणाने लालबुंद होता. छाटणीपासून माल निघेपर्यंत तो तसाच असतो म्हणाला. मी आणखी धागे चिकटवले. मग तो खूश होऊन म्हणाला, "आता दोघं एकाच घरचे वाटतात."

माझी पहिली मोठी चूक मालेगावच्या शब्बीरभाईंच्या डोळ्यात झाली. ते यंत्रमागावर काम करायचे. मागाचा धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारं लाकडी टोकदार साधन, एक दिवस वाट सोडून उडाला तो थेट डोळ्यावर. मी त्यांना खिडकीशी बसवून भर दुपारी बुबुळ रंगवलं. तंतोतंत जुळलं. महिनाभराने ते आले आणि फार अदबीने म्हणाले, "मॅडम, डोळा एक नंबर बनवला तुम्ही. फक्त कारखान्यात लोक हसतात. मी अंधारात काम करतो आणि हा डोळा उन्हात उभा असतो."

मला क्षणभर कळलंच नाही. मग त्यांना खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेलं आणि बघितलं. खऱ्या डोळ्याची बाहुली, म्हणजे मधला काळा ठिपका, अंधारात मोठा होतो, उन्हात बारीक. खोट्या डोळ्याची बाहुली जन्मभर मी काढीन तेवढीच. मी दुपारच्या उजेडातली बारीक बाहुली काढली होती, आणि माणूस सगळा दिवस ट्यूबलाइटच्या मिणमिणत्या उजेडात घालवत होता. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर नाव, वय, पत्ता यांच्यानंतर एक रकाना आहे: 'दिवस कुठे जातो?' त्यावरून बाहुली किती मोठी काढायची ते ठरतं. शेतकऱ्याला बारीक, विणकराला मोठी, शिक्षकाला मधली. हा प्रश्न विचारला की माणसं पुष्कळ बोलतात. काही रडतातही. मी आकडा लिहून घेते.

आता कुलथे सरांकडे येते. खरं तर त्यांच्यासाठीच हे लिहायला बसले होते, पण त्यांच्याकडे यायला मला नेहमीच वेळ लागतो.

माझे वडील निफाडला तहसील कचेरीत क्लार्क होते. मी तिथल्या शाळेत शिकले आणि आठवीत आम्हाला चित्रकलेला कुलथे सर आले. तेव्हा ते तिशीचेही नव्हते. पहिल्याच तासाला त्यांनी टेबलावर एक पितळी तांब्या ठेवला आणि काढा म्हणाले. आम्ही चाळीस जणांनी चाळीस तांबे काढले. सर रांगांमधून फिरले आणि प्रत्येकाच्या वहीवर बोट ठेवून एकच वाक्य म्हणत गेले, "हा तुझ्या डोक्यातला तांब्या आहे. टेबलावरचा कुठे आहे?" तांब्याला एका बाजूला पोचा होता. तो एकानेही काढला नव्हता. पुढच्या तासाला पुन्हा तोच तांब्या. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दुसरं काही नाही. पालकांनी तक्रार केली. सरांनी तांब्या उलटा ठेवला.

ते दहापैकी मार्क द्यायचे आणि सातच्या वर कधी गेले नाहीत. आठ कुणाला मिळणार असं विचारलं तर म्हणायचे, "तांब्याला." मला तीन वर्षांत चार वेळा सात मिळाले. अख्ख्या शाळेत तेवढे कुणालाच नव्हते.

पण मला केमिस्ट्रीही आवडायची, ही माझी अडचण. परीक्षानळीत एक रंगहीन द्रव दुसऱ्या रंगहीन द्रवात पडतो आणि एकदम पिवळा होतो, याचं मला जे वाटायचं ते मी कुणालाही सांगू शकत नव्हते. आमच्या वस्तीत शिकून डॉक्टर झालेली मुलगी तोवर नव्हती आणि ती मी असावं असं वडिलांना वाटे. तो त्यांच्या एकट्याच्या हौसेचा भाग नव्हता, वस्तीतल्या दहा घरांची माझ्यावर नजर होती. बारावीचा निकाल लागला आणि मेडिकल थोडक्यात हुकलं. त्या आठवड्यात कुलथे सर सायकलवरून आमच्या घरी आले. चहा घेतला आणि वडिलांना म्हणाले, "पगारे साहेब, मुंबईला आर्ट स्कूलला पाठवा. हिचा हात वाया घालवू नका."

वडील म्हणाले, "सर, तिलाच विचारा."

हे मला अपेक्षित नव्हतं. मी म्हणाले की मी डेंटल मेकॅनिकच्या कोर्सला नाव घातलं आहे.

"म्हणजे काय करणार?"

"दात करणार, सर. कृत्रिम."

"कवळ्या?" सर म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला, सायकल घेतली आणि गेले. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. निफाडला लग्नाकार्यात दिसायचे, मी नमस्कार करायचे, ते मान हलवून पुढे जायचे.

मी कोर्स का निवडला याचं भारदस्त उत्तर माझ्याकडे नाही. त्या कोर्सच्या पत्रकात प्लास्टर, मेण, रसायनं आणि 'रंग जुळवणे' हे चार शब्द एकाच पानावर होते. दुसऱ्या कुठल्याच पत्रकात ते नव्हते. आठ-नऊ वर्षं मी दात केले. मग एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "बाई, दातासारखा डोळा जमेल का? बाजारातले तयार डोळे सगळे एकाच रंगाचे येतात. माझे पेशंट बाहुल्यांसारखे दिसतात." मी जमेल म्हणाले आणि मग सहा महिने शिकायला बाहेरगावी गेले. कुणालाही न विचारता 'जमेल' म्हणण्याची हिंमत मी आयुष्यात त्या एकाच वेळी केली.

पण सरांचं ते 'कवळ्या?' माझ्या कानात राहिलं. एखादं बुबुळ छान जमलं की मनात यायचं, हे सरांना दाखवावं. लगेच दुसरं यायचं, की त्यांनी विचारलं कुठे आहे. कुणाला सांगितलं नाही, पण हे मला लागत होतं. साठी आली तरी लागत होतं.

दोन वर्षांपूर्वी, एका मंगळवारी, जिन्यात कुणीतरी पायऱ्या मोजत असल्याचा आवाज आला. आधी कुलथेकाकू आत आल्या, मग सर. सरांच्या डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती आणि अंगावर इस्त्रीचा शर्ट. काकू खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "सुनंदा, तूच ना गं ती कवळ्यावाली?"

"हो काकू, मीच."

"काचबिंदू झाला होता. दुखायचं थांबंना, मग काढला डोळा. बरं हाय आता. पण दोनदा बाहेर जाऊन आले, तेव्हापासून तीन महिने झाले, हे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाय. डॉक्टरनी तुझं नाव सांगितलं, मी म्हटलं, ही तर आपली."

सर खिडकीकडे बघत होते. "उत्तरेची आहे," ते म्हणाले. पंचेचाळीस वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

मी केसपेपर घेतला. नाव माहीत होतं, तरी विचारलं. वय शहात्तर. मग शेवटचा रकाना. "सर, दिवस कुठे जातो?"

सरांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी पिशवीतून स्केचबुक काढून माझ्यासमोर ठेवलं. निवृत्त झाल्यापासून सर रोज सकाळी निफाडच्या एसटी स्टँडवर जाऊन बसायचे आणि माणसं काढायचे. बसची वाट बघणारी माणसं हलत नाहीत, आपण कसे दिसतोय याची त्यांना फिकीर नसते. पानं भरून माणसं होती. कुणी कानात काडी घालतंय, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर झोपलंय, एक बाई पिशवीतली कोथिंबीर पुन्हा पुन्हा मोजावी तशी चाचपतेय. एका रेषेत कोपर, एका रेषेत सगळा कंटाळा. मला वर्गात बसल्यासारखं झालं.

"शेवटचं पान बघ," सर म्हणाले.

शेवटचं पान पट्टी बांधल्यानंतरचं होतं. तोच स्टँड, तीच बाकडी. पण पानावरची सगळी माणसं समोर बघत होती, चित्रकाराकडे. काही कुतूहलाने, काही कीव करत, एक म्हातारी तर पदर तोंडाला लावून.

"काळा चष्मा लावून बघितला," सर म्हणाले. "मग सीआयडी समजतात. सुनंदा, मी बघत असतो तेव्हा मला कुणी बघता कामा नये. एकदा का माणसाला कळलं आपल्याकडे कुणी बघतंय, की तो माणूस संपला, पोझ सुरू होते. मला सुंदर डोळा नको. मला स्टँडवर पूर्वीसारखं कुणाच्या लक्षात न येता बसायचंय. जमणार असेल तर सांग. नाहीतर पट्टी आहेच, मी घरी बसतो."

इतकी नेमकी मागणी आजवर कुणी केली नव्हती. मी रकान्यात लिहिलं: 'एसटी स्टँड, सावलीत. बाहुली मध्यमपेक्षा किंचित बारीक.'

माप, मेण, पांढरं, सगळं नीट झालं. बुबुळाच्या दिवशी सर समोर बसले आणि मी ब्रश घेतला. दोन मिनिटांत त्यांनी तोंड उघडलं.

"तपकिरी थेट लावतेस?"

"नाही सर, खाली पिवळ्या मातीचा रंग आहे."

"मग ठीक. कडेला गडद घे. एवढा नको. बांधणी कशात करतेस?"

मी सांगितलं की ॲक्रिलिकची भुकटी तिच्याच द्रवात विरघळवते, त्याचा पाक होतो, त्यात रंग. सरांनी भुकटीची बाटली हुंगली. मी पाण्याचा थेंब टाकून रंग बघितला तेव्हा ते पुढे वाकले. "हे काय?"

"वर पारदर्शक थर आला की रंग असा दिसेल. आत्ताचा फिका आहे."

"म्हणजे जलरंगाच्या उलट," सर म्हणाले. "तिथे वाळलं की उतरतो, इथे ओलं झालं की खरा होतो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "हे कवळीत नसणार." मी त्याचा अर्थ माफी असा घेतला. कदाचित ते फक्त रसायनाबद्दल बोलत असतील.

चार तास मी त्यांच्या उजव्या डोळ्यात बघत होते. आयुष्यात इतकं मन लावून मी काम केलं नव्हतं. एकेक रेषा आतून बाहेर, मधेच तो सोनेरी पट्टा, खाली नाकाच्या बाजूला एक बारीकसा ठिपका. तो ठिपका सापडल्यावर मला इतका आनंद झाला की मी हातातला ब्रश ठेवून चहा सांगितला.

आठवड्याने डोळा बसवला. सरांनी दोनदा पापण्या मिटल्या. काकूंनी बघितलं आणि दोन्ही हात गालांना लावले. "अगं बाई! किती सुंदर! लग्नात दिसत होते तस्से दिसताय!"

'सुंदर' हा शब्द ऐकून मी हातातला आरसा सरांपुढे धरला.

सरांनी आरसा घेतला आणि खिडकीशी गेले. बराच वेळ बघत राहिले. आधी एक डोळा, मग दुसरा. मग परत आले, आरसा टेबलावर पालथा ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "हा तुझ्या डोक्यातला डोळा आहे. टेबलावरचा कुठे आहे?"

मी भिंग घेऊन त्यांच्या खऱ्या डोळ्यात बघितलं. बुबुळाच्या कडेने, सगळीकडून, करड्या-पांढऱ्या रंगाचं वलय होतं. चांगलं रुंद, धुक्यासारखं. म्हातारपणी पुष्कळांच्या डोळ्यांत ते येतं. साठीच्या पुढच्या प्रत्येक पेशंटला मी ते काढते, हात आपोआप वळतो. शेकडो वेळा काढलंय. सरांच्या बुबुळाला मी ते काढलंच नव्हतं. चार तास समोर होतं आणि मला दिसलं नव्हतं. नाकाजवळचा बारीकसा ठिपका दिसला, पण पोचा दिसला नाही.

मी काय काढलं होतं ते मला कळलं. आठवीच्या वर्गात रांगेतून फिरता फिरता माझ्या वहीशी थांबलेला, तिशीच्या आतला एक डोळा काढला होता. तोच मला माहीत होता. त्याच्यासमोर मी चार तास पुन्हा सात मार्क मिळवायला बसले होते. मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. साठीची बाई, चौतीस वर्षं याच कामाची, आणि पहिल्या तासाची चूक.

"काम चांगलं आहे," सर म्हणाले. "सात देईन. पण हा डोळा घालून मी स्टँडवर बसलो तर सगळं निफाड बघायला येईल. शहात्तर वर्षांचा चेहरा आणि त्यात नवरदेवाचा डोळा."

काकू म्हणाल्या, "मला तर बाई आवडला."

"म्हणूनच," सर म्हणाले.

मी डोळा काढून घेतला. हात धुतले. आणि मग, एवढं सगळं झाल्यावर झाकायला काही उरलं नव्हतं म्हणून असेल, विचारून टाकलं, "सर, तेव्हा मी मुंबईला गेले नाही. माझा हात वाया गेला का?"

सरांनी पट्टी पुन्हा बांधून घेतली. "आधी ते वलय काढून दाखव," ते म्हणाले. "मग बोलू."

दुसरं बुबुळ करताना मी सरांना म्हटलं, कृपा करून बोलू नका. ते बोलले नाहीत. मी समोर सर बसलेत हे विसरायचा प्रयत्न केला. शहात्तर वर्षांचा, उन्हात पुष्कळ बसलेला, एक उजवा डोळा, एवढंच. वलय वरच्या बाजूला जाड होतं, खाली पातळ, एका जागी तुटलेलं. पांढरा भाग पांढरा नव्हता, जुन्या कागदासारखा पिवळट होता. मी तसा केला. सोनेरी पट्टा निम्म्याहून जास्त धुक्यात गेला. तो घालवताना वाईट वाटलं. सर म्हातारे झालेत हे मला त्या दिवशी, ब्रश हातात असताना, पहिल्यांदा कळलं.

बसवला त्या दिवशी काकू खाली भाजी घ्यायला गेल्या होत्या. सरांनी आरसा घेतला, खिडकीशी गेले, परत आले आणि खुर्चीत बसले. मी साचे आवरायला घेतले. तेवढ्यात काकू मेथीची जुडी घेऊन वर आल्या, सरांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चला, उठा. साडेचारची बस चुकंल." पिशवी सरांच्या हातात दिली आणि जिना उतरू लागल्या. अर्ध्या जिन्यात त्यांच्या लक्षात आलं. "अगं, बसवला का त्यांचा डोळा?" त्यांनी खालून विचारलं.

"बसवला," सर म्हणाले, आणि पायऱ्या न मोजता, पिवळे पट्टे बघत उतरले. 'मग बोलू' म्हणाले होते, ते बोलणं राहिलंच. मी खिडकीतून बघितलं, दोघं शालिमारच्या गर्दीत शिरले. दहा पावलांवर मला ते वेगळे ओळखता येईनात.

चार महिन्यांनी कुरिअरने एक मोठं पाकीट आलं. आत स्केचबुकमधून काढलेलं एक पान होतं. चिठ्ठी नव्हती, सही नव्हती, मागच्या बाजूला मार्क शोधले, तेही नव्हते. निफाडचा स्टँड होता. मी माणसं मोजली, एकतीस भरली. कुणी पेंगतंय, कुणी शेंगा सोलतंय, कुणी बसची पाटी वाचतंय, दोघी जणी एका तिसरीबद्दल बोलतायत हे त्यांच्या मानांवरून कळतंय. एकतीसपैकी एकही माणूस चित्रकाराकडे बघत नव्हतं. खांबाला बांधलेली एक शेळी तेवढी सरळ समोर बघत होती. शेळीचं मी मनावर घेतलं नाही.

ते पान हातात धरून मी खुर्चीत बसले आणि रडले. पुढचा पेशंट बाहेर बसला होता, त्याला वाटलं माझ्याकडे काही वाईट बातमी आली आहे, आणि तो बिचारा न विचारता उद्या येतो म्हणून गेला.

सरांनी मला पुढेही काही सांगितलं नाही. वर्षातून एकदा डोळा चमकवून घ्यायला येतात, रसायनांच्या बाटल्या हुंगतात आणि जातात. ते पान मी फ्रेम करून पेशंटच्या खुर्चीसमोर लावलं आहे. आताशा निकालाच्या दिवसांत आईवडील मुलीला पुढे करून तो प्रश्न विचारतात, तेव्हा मी डोळ्यांचा खण उघडत नाही. त्या पानाकडे बोट करते आणि म्हणते, माझं काम यात आहे, शोधा. मंडळी उठून जवळ जातात, चष्मे वरखाली करतात, बराच वेळ शोधतात. आजवर एकालाही सापडलेलं नाही.